वजन उतरलं, पण पोट सैलच राहिलं

एका वाचक मैत्रिणीने विचारलंय: "वय ३१. सिझेरियन होऊन दहा महिने झाले, रात्री अजून अंगावर पाजते. गरोदरपणात १८ किलो वाढले होते, त्यातले १६ उतरले. काटा जवळजवळ जुन्या आकड्यावर आलाय, पण आरशासमोर उभं राहवत नाही. पोटाची कातडी सुरकुतली आहे, बेंबीखाली घडी पडते, टाक्यांच्या वर वळी आली आहे. पोटावर, मांड्यांवर रेषा आहेत. मान काळी पडली आहे, केस मूठमूठ गळतात. वजन जास्त होतं तेव्हा पोट निदान भरलेलं दिसायचं. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना पोट बांधलं नाहीस म्हणून झालं हे. सकाळी ग्रीन टी, दुपारी एक भाकरी आणि भाजी, रात्री सूप असं चालू आहे. अजून पाच-सहा किलो उतरवले तर कातडी आवळेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही आवळणार. उलट आणखी सैल दिसेल. आणि जे खाताय त्यावर पाजणाऱ्या बाईचं भागत नाही, त्यामुळे वजन उतरवणं आजपासून थांबवा. का ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २१ वर्षं कोल्हापुरात काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बाळंतिणीच जास्त. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. "मला माझं पोट बघवत नाही" असं म्हणत रडणाऱ्या बायका बहुधा वजन न उतरलेल्या नसतात, उतरलेल्या असतात. वजन जास्त असतं तोवर मनात एक आशा असते की हे गेलं की सगळं पूर्वीसारखं होईल. मग ते जातं, आणि खालून ही सैल कातडी दिसते. तुम्ही लिहिलंय ना, पोट निदान भरलेलं दिसायचं, ते अगदी खरं आहे. कातडी ताणली गेली ती आतल्या गर्भाशयाने आणि चरबीने. आतला भराव निघून गेला आणि कातडी मागे राहिली.

ती मागे राहणारच, कारण पोटातल्या प्रत्येक गोष्टीला सावरायला लागणारा काळ वेगळा असतो. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं, सहा आठवड्यांत ते ६०-७० ग्रॅमवर येतं. स्नायूंना काही महिने लागतात, कुणाला वर्ष. कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, नव्याने बांधलं जायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. तुमचे झालेत दहा महिने. म्हणजे कातडीचं काम अजून अर्ध्यावर आहे, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही तिचं खाणं तोडलंय.

आता एक करून बघा. बाळ झोपलं की सतरंजीवर उताण्या झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीला टेकवा, पोट उघडं ठेवा. बेंबीच्या दोन बोटं खाली अंगठा आणि तर्जनीने चिमूट घ्या. चिमटीत आलेलं पातळ असेल, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखं, सोडल्यावर सावकाश जागेवर जाणारं, तर ती नुसती कातडी आहे. मळलेल्या कणकेसारखा जाड गोळा हातात येत असेल तर ती कातडीखालची चरबी. मग चिमूट सोडा. एका हाताची बोटं एकमेकांना चिकटवून, टोकं पायाकडे करून, बेंबीच्या जरा वर पोटाच्या मधोमध ठेवा. श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या दोन कडा येऊन बोटांना भिडतील. त्या कडांमध्ये किती बोटं मावतात ते मोजा. तसंच बेंबीवर आणि बेंबीखाली. दोन बोटांपर्यंत चालतं. त्याहून जास्त फट असेल, किंवा बोटं लोण्यात जावीत तशी आत जात असतील, किंवा डोकं उचलताना पोटाच्या मधोमध डोंगरासारखा कंगोरा उठत असेल, तर तुमचे पोटाचे सरळ स्नायू मधून फाकलेले आहेत.

हे फाकणं गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येकीला होतं. बहुतेकींचं आपोआप कमी होतं, पण वर्षभरानंतरही साधारण तिघींमागे एकीला थोडीफार फट राहते.

हे तपासायला एवढं सांगतेय, कारण आपण "पोट" म्हणून ज्या एका गोष्टीवर चिडतो त्या तीन गोष्टी असतात: कातडी, चरबी आणि फट. चरबीला आहार लागू पडतो. फटीला व्यायाम लागू पडतो. कातडीला वेळ आणि पोषण. चरबीचा उपाय कातडीवर करत बसलं तर शरीर झिजतं आणि पोट आहे तिथेच राहतं. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे चरबी फार उरलेली दिसत नाही.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वजन ५२ किलो, हात-पाय काडीसारखे, आणि संध्याकाळपर्यंत पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं पुढे. एसटीत एका मुलीने उठून जागा दिली, म्हणाली, "बसा मॅडम, अशा वेळी उभं राहू नका." त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं, आणि रोज शंभर सिट-अप सुरू केले. तपासलं तेव्हा चार बोटांची फट होती, आणि प्रत्येक सिट-अपला मधला कंगोरा वर यायचा. म्हणजे जे जोडायचं होतं तेच त्या रोज शंभर वेळा ताणत होत्या. सिट-अप बंद केले, जेवण सुरू केलं. तीन महिन्यांनी फट अडीच बोटांवर आली. पूर्ण मिटली नाही, हे सांगायलाच हवं. पण पाण्याची बादली उचलताना कंगोरा उठेनासा झाला, कंबरदुखी गेली, आणि संध्याकाळचं पोट पुष्कळच आत राहायला लागलं.

सुरुवात श्वासापासून करा. तशाच उताण्या, गुडघे वाकवलेल्या. एक हात फासळ्यांवर. नाकाने श्वास घ्या, फासळ्या बाजूला फाकू द्या, पोट सैल सोडा. तोंडाने फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत, लघवी अडवताना जे आवळतो ते खालून वर ओढून घ्या आणि ओटीपोट हळूच पाठीकडे न्या. छाती वर येता कामा नये, श्वास कोंडता कामा नये. हे जमलं की श्वास सोडता सोडता एक टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करा, श्वास घेत परत आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. इतकं साधं वाटतं की बायका पहिल्या आठवड्यातच सोडतात. सोडू नका. आणि तुमचं दहा महिन्यांचं बाळ आठ-नऊ किलोचं असेल, त्याला दिवसातून पन्नास वेळा उचलता. प्रत्येक वेळी आधी श्वास सोडायला सुरुवात करा, खालून आवळा, मग उचला. झोपेतून उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. कंगोरा उठेनासा होईपर्यंत सिट-अप, दोन्ही पाय एकदम उचलणं आणि नौकासन नको. पुढे मात्र वजनं उचलायला जरूर शिका. मांड्या आणि पुठ्ठे भरले की त्यांच्यावरची कातडी आपोआप जरा तंग दिसते. पोटाच्या कातडीला हे तितकंसं लागू नाही, ते आधीच सांगून ठेवते.

खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जात असतील किंवा खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. प्रत्यक्ष तपासून घ्या. "दोन मुलं झाल्यावर एवढं चालायचंच" असं सांगून बायकांना गप्प बसवतात, त्याचा मला खरोखर राग येतो. यावर इलाज आहे आणि तो चांगला लागू पडतो.

पोट बांधण्याबद्दल. सासूबाईंशी वाद घालू नका, पण अपराधीही वाटून घेऊ नका. सिझेरियननंतरचे पहिले काही आठवडे मऊ पट्टा बांधला की चालताना, खोकताना टाक्यांना आधार मिळतो, दुखणं कमी होतं. तेवढ्यासाठी तो चांगला. पट्ट्याने कातडी आवळत नाही आणि चरबी वितळत नाही. फार करकचून बांधला तर पोटातला दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच थकलेले असतील तर अंग बाहेर येण्याचा त्रास वाढू शकतो. त्यांच्या काळी पोट बांधण्याच्या जोडीला सव्वा महिना विसावा असायचा, मालिश, शेक, वेळेवर गरम जेवण, आणि बाळंतिणीला कळशीसुद्धा उचलू द्यायचे नाहीत. माझ्या मते खरा गुण त्या विसाव्याचा होता. पट्टा डोळ्यांना दिसतो म्हणून श्रेय त्याला मिळालं.

टाक्यांच्या वरची वळी वेगळी. सिझेरियनचा व्रण आतल्या थराला चिकटून राहतो, तिथली कातडी खाली खेचली जाते आणि वरचा भाग तिच्यावर ओघळतो. व्रण पूर्ण भरलेला असेल तर खोबरेल तेलाचं बोट घेऊन व्रणावरची कातडी वर-खाली, डावी-उजवीकडे, मग गोल फिरवत हलवायची. नुसतं तेल चोळायचं नाही, खालच्या थरावरून कातडी सरकली पाहिजे. रोज पाच मिनिटं. पहिल्यांदा हात लावताना पुष्कळ जणींना कसंतरी होतं, कुणाला रडू येतं. माझ्या स्वतःच्या व्रणाला मी सात महिने हात लावला नव्हता, आणि दुसऱ्यांना मात्र रोज शिकवत होते. आजूबाजूला बधिर लागतं, तेही काही महिने चालतं. व्रण लाल, जाड, खाजरा होऊन वाढत असेल तर मालिश थांबवून त्वचातज्ज्ञांना दाखवा. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल त्यावर लवकर सुरू केलेलं बरं.

रेषांबद्दल मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही. त्या कातडीच्या मधल्या थरात पडलेल्या चिरा आहेत. सुरुवातीला लालसर-जांभळ्या किंवा गडद तपकिरी दिसतात, वर्ष-दोन वर्षांत फिक्या, रुपेरी होतात आणि तशाच राहतात. कुणाला पडतात नि कुणाला नाही, यात आईकडून आलेल्या कातडीचा वाटा मोठा. बदामाचं तेल, खोबरेल, कोकणातलं कोकमाचं मुठेल, यांनी खाज थांबते, कातडी मऊ राहते, म्हणून लावा. रेषा पुसल्या जात नाहीत. हजारो रुपयांच्या बाटलीनेही नाहीत. रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वाच्या जातीतली) मलमं ताज्या रेषांवर थोडी लागू पडतात, पण पाजत असताना ती टाळतात. लेझर आणि मायक्रोनीडलिंगने, म्हणजे बारीक सुयांनी कातडी टोचून, रेषा फिक्या होतात, नाहीशा होत नाहीत, आणि आपल्या सावळ्या कातडीवर चुकीच्या हाताने केलं तर कायमचे डाग उरू शकतात. करायचंच तर पाजणं थांबल्यावर, त्वचातज्ज्ञांकडे. पार्लरमध्ये नाही.

मानेच्या काळेपणाकडे मात्र लक्ष द्या. हा काळेपणा मखमलीसारखा जाडसर असेल, काखेतही असेल, तर तो मळ नाही. बेसन-लिंबू चोळून निघणार नाही, उलट कातडी सोलवटेल. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुतेकदा खूण असते. गरोदरपणात साखर वाढली होती का? वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी व्हायला हवी होती. बाळाच्या धावपळीत ती बहुतेकींची राहून जाते. राहिली असेल, किंवा साखर वाढली नव्हती तरी मान अशी दिसत असेल, तर आता करून घ्या. तोंडावर वांग असेल तर सनस्क्रीन आणि डोक्यावर ओढणी, एवढंच सध्या. दुकानातून "गोरं करणारं" मलम आणू नका. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं, चेहरा लाल होतो, पुटकुळ्या येतात, केस उगवतात. घडीखाली खाज येत असेल तरी हेच. जागा कोरडी ठेवा, सुती कपडा वापरा, आणि खाजेचं मलम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

केस. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी भरमसाट गळतात आणि वर्षाच्या आत बहुतेक परत येतात. दहाव्या महिन्यातही मूठमूठ गळत असतील तर दोन संशय. एक, तुमचं खाणं. उपाशी शरीर सगळ्यात आधी केसांचा खर्च कमी करतं. दुसरा, रक्त किंवा थायरॉइड. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं नवीन नाही, आणि कधी कधी वजन भराभर उतरण्याचं कारण डाएट नसतं, तेच असतं. छातीत धडधड, हात थरथरणं, नको इतकं उकडणं होत असेल तर वाट बघू नका. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतरही १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायला सांगतात. घरी आल्यावर ती किती जणी घेतात? तुम्ही घेतली होती का, आठवून बघा.

आता ताटाकडे येते. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, सहा ते बारा महिन्यांत सुमारे ५२० कॅलरी आणि १३ ग्रॅम, असं आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं प्रमाण आहे. तुमच्या ताटात एक भाकरी आहे. कोलॅजन प्रथिनांपासूनच बनतं. ते ताटात नसेल तर कातडी आवळायला शरीर आणणार कुठून? फार भराभर वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची भीती वाढते, आणि बाळंतपणानंतरच्या काळात ती आधीच थोडी जास्त असते. ज्यांना उतरवायचं आहे त्यांनीही आठवड्याला अर्धा किलो पुरे मानावं.

वेगळं काही आणायला नको. सकाळी थालीपीठ आणि वाटीभर दही, किंवा दोन अंडी आणि पोळी. दुपारी दोन भाकऱ्या, मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर, ताक. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत साधारण सहा-आठ. मासे खात असाल तर उत्तमच. रात्री सुपाऐवजी पिठलं-भाकरी किंवा मुगाची खिचडी. डिंकाचा नाहीतर अळिवाचा लाडू रोज एक खुशाल खा, अळिवात लोह भरपूर असतं. बाळंतिणीला एका बैठकीत चार लाडू खायला लावतात, ते मात्र मला पटत नाही. एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते, कारण ती कुणी विचारत नाही: मिश्री लावत असाल तर बंद करा. तिच्यातलं निकोटिन दुधातून बाळाकडे जातं, आणि तंबाखू कातडीलाही सोडत नाही.

शस्त्रक्रियेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. टमी टकने जास्तीची कातडी काढतात, फाकलेले स्नायू शिवतात. दीड-दोन वर्षं नीट खाऊन, व्यायाम करून जी कातडी तेव्हाही लोंबते, ती पुढे व्यायामाने जाणार नाही, तिला हाच मार्ग. ज्यांना ती करावीशी वाटते त्यांना मी चैनीच्या बायका म्हणत नाही. अट अशी की पाजणं थांबून काही महिने झालेले असावेत, वजन निदान सहा महिने एका जागी असावं आणि पुढे मूल नको असावं. व्रण एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत येतो, आणि सहा आठवडे मूल उचलता येत नाही. तुमच्यासाठी हा प्रश्न आज नाही. निदान वर्षभराने बघू.

"आरशासमोर उभं राहवत नाही" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हे फक्त पोटापुरतं आहे का? बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही, सारखं रडू येतं, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटतं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि ते दहाव्या महिन्यातही असू शकतं. तुमच्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येतं. जगू नये असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि लगेच फोन करा.

आणि तसं नसेल, फक्त पोटच असेल, तरी ते दुःख क्षुल्लक नाही. ३१ वर्षं जे शरीर आपलं म्हणून ओळखीचं होतं ते दहा महिन्यांत अनोळखी झालं. "मूल सुखरूप आहे ना, मग झालं" असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या का असू नयेत? पोट झाकणारे, श्वास रोखायला लावणारे जुने कपडे कपाटात वर ठेवून द्या. आजच्या मापाचे दोन चांगले ड्रेस शिवून घ्या. माझ्या पोटावर १७ वर्षांनंतरही बेंबीखाली घडी पडते. आंघोळीनंतर मी तिला तेल लावते, हाताला लावते तसंच.

आजची तारीख एका वहीत लिहा. खाली दोन आकडे: बेंबीवर किती बोटं मावली, आणि बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर. वजनाचा काटा सध्या पलंगाखाली सरकवा. सहा आठवड्यांनी त्याच सतरंजीवर झोपून पुन्हा मोजा आणि मला कळवा. तीन बोटांहून जास्त असेल तर त्याआधीच कुणातरी जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि आज रात्री पाजायला उठाल तेव्हासाठी उशाशी पाण्याचा तांब्या, दोन खजूर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवून झोपा.